अल्बमबाहेरची माणसं

मागच्या श्रावणात एका दुपारी फोन आला. "साहेब, मी अण्णांचा मुलगा बोलतोय." कोण अण्णा, ते माझ्या लक्षात येईना. मग तो म्हणाला, "आचारी अण्णा," आणि लगेच खांद्यावर पंचा टाकलेली ती उंच, वाकलेली आकृती डोळ्यांपुढे आली. माझ्या मुलीच्या लग्नात, २०१६ च्या डिसेंबरात, साताऱ्याला स्वयंपाक त्यांचा होता.

"अण्णा वैशाखात गेले साहेब. घरात त्यांचा धड एक फोटो नाही. आधार कार्डावरचा आहे, पण आई म्हणते तो त्यांच्यासारखा दिसत नाही. कामावरचा एखादा मिळतो का बघ, म्हणाली. चाळीस वर्षं माणूस लग्नांत होता, कुणाच्या ना कुणाच्या फोटोत असणारच. म्हणून त्यांच्या वहीतून नंबर काढून एकेकाला फोन करतोय."

"बघून सांगतो," म्हणालो. पाच मिनिटांचं काम वाटलं होतं.

कपाटातून तिन्ही अल्बम काढले. सवयीनं मोजले, सहाशे चौदा फोटो भरले. (बँकेत चौतीस वर्षं काढलेला माणूस काहीही मोजतो.) माझ्या एका मेव्हण्याचे त्यात एकवीस फोटो आहेत. हे गृहस्थ अक्षता पडल्यावर आले आणि पहिली पंगत उठायच्या आत निघून गेले होते. व्याह्यांच्या सजवलेल्या मोटारीचे चार आहेत. रुखवताचे अकरा. जिलेबीच्या ताटाचा एक तर इतक्या जवळून घेतलेला आहे की पाकाचे थेंब मोजावेत. पण जिलेबी तळणारा माणूस कुठेच नाही. दुसऱ्या अल्बममध्ये भटारखान्याच्या दाराशी उभ्या असलेल्या माझ्या भाच्यांचा फोटो आहे, त्याच्या अगदी कडेला एक कोपर दिसतं. काळसर, घामानं चमकणारं. ते अण्णांचं असू शकेल. नसेलही.

मी दोन-तीन कादंबऱ्या लिहिल्या आहेत. मराठी कादंबरीकाराला लग्नाचा प्रसंग सहसा टाळता येत नाही, मलाही आला नाही. त्या संध्याकाळी उठून ती पानं काढून पाहिली. शालू, सनई, मानपान, रुसलेली आत्या, सगळं आहे. लग्न दोन, जेवणावळी तीन, आणि आचारी एकही नाही. फोटोग्राफरला काय दोष द्यायचा?

तरी मी अण्णांना काम करताना पाहिलेलं होतं. लग्नाच्या आदल्या रात्री सीमांतपूजन आटोपलं, वऱ्हाड झोपलं, आणि मला काही केल्या झोप येईना. मुलीचा बाप असल्यावर ती येत नाहीच. तीनच्या सुमारास कार्यालयाच्या मागच्या जिन्यानं खाली उतरलो तर भटारखान्यात दिवा होता. साताऱ्याची डिसेंबरातली थंडी. दोन शेगड्या धडधडत होत्या आणि त्यांच्यापासून हातभर अंतरावर, गोणपाटात गुंडाळलेलं एक मोठं पातेलं होतं. अण्णा त्याच्याजवळ पाटावर बसले होते, आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसे.

"जिलेबीचं पीठ आहे," ते म्हणाले. "थंडीत फुगायला मागत नाही. लई जवळ नेलं तर आंबट होतं, लांब ठेवलं तर झोपतं. दर अर्ध्या तासानं फिरवायला लागतं." म्हणजे सगळं कार्यालय झोपलेलं असताना हा माणूस पातेलं फिरवत बसला होता. आम्ही दुसऱ्या दिवशी ती जिलेबी खाल्ली, "बरी झालीय, जरा आणखी कुरकुरीत हवी होती" असंही कुणीतरी म्हणालं.

चारला टेंपो आला आणि त्यातून नऊ बायका उतरल्या. पुऱ्या लाटणाऱ्या. डोक्यावरून पदर आणि त्यावर मफलर. आल्या आल्या प्रत्येकीनं चहाचा कप दोन्ही हातांनी धरून हात शेकून घेतले आणि मग परातींपुढे बसल्या त्या नवापर्यंत उठल्या नाहीत. एक म्हातारी मावशी अळू चिरत होती. अळूनं हात खाजतात म्हणून तिनं आधी तळव्यांना तेल चोळलं, चिंचेचा कोळ जवळ ठेवला. कोण काय करणार हे कुणी कुणाला सांगत नव्हतं.

मी विचारलं, "मिठाचा अंदाज कसा लागतो? तुम्ही तर चाखत नाही." नैवेद्य दाखवायच्या आधी आचारी चाखत नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. अण्णा म्हणाले, "वासानं कळतं. आणि मीठ हातातच असतं साहेब." बोलण्यात मोठेपणा नव्हता. आमच्या रोखपालाला नोटांचं बंडल हातात घेतल्यावर एक नोट कमी आहे हे कळायचं, तसंच ते असावं.

त्यांचं गणित पानांवर चाले. शंभर पानांना बारा किलो तांदूळ, त्यातला मसालेभाताला किती, साध्या भाताला किती. मठ्ठा पंचवीस लिटर. जिलेबी पंधरा किलो. किराणा आमचा, मजुरी त्यांची, असा आमचा ठराव होता. सहाशे पानं, मजुरी चोवीस हजार, त्यात नऊ बायका, अळूवाली मावशी आणि दोन हाताखालचे. त्यांनी दिलेली यादी दोन्ही बाजूंनी भरलेली होती. हिंगाच्या डबीपासून काडेपेट्यांपर्यंत. मी ती वाचून म्हणालो होतो, "एवढं लागतं?" ते नुसते हसले होते. मुलीचे सगळेच बाप ते म्हणत असणार.

माझ्या लहानपणी गावाकडे ही माणसं अशी अदृश्य नव्हती. १९६९ साली मी पाचवीत असताना थोरल्या बहिणीचं लग्न दारातच मांडव घालून झालं. कुंभारानं ऐरणी आणल्या, परटानं पायघड्या अंथरल्या, गुरवानं पत्रावळी-द्रोण दिले, न्हावी नवऱ्या मुलापुढे आरसा घेऊन उभा. प्रत्येकाला नाव होतं, आणि ज्याचा त्याचा मान ठरलेला होता: कुणाला टॉवेल-टोपी, कुणाच्या बायकोला खण-नारळ, शिवाय सुगीला धान्य. त्या काळाचे गोडवे गायला मी बसलेलो नाही. हलगी वाजवणारे दिवसभर उन्हात वाजवत होते आणि त्यांची पानं मांडवाबाहेर, उकिरड्याच्या बाजूला पडली. का, ते सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. मी विचारलं तर आईनं माझा हात धरून मला आत नेलं. दिसणं आणि किंमत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला कळलं ते पुष्कळ उशिरा.

पुढे बँकेत लागलो. १९८७ साली एका तालुक्याच्या गावी शाखेत कर्जाचं टेबल माझ्याकडे होतं. तेव्हा एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाची कर्जं द्यायची असत; म्हशी, शेळ्या, शिवणयंत्रं, किराणा दुकानं. त्यात एक अर्ज बँडवाल्याचा आला. दोन क्लॅरोनेट, एक ट्रम्पेट आणि ढोल, मिळून सहा हजारांचं कर्ज. आमच्या व्यवस्थापकांना अर्जाचं हसू आलं, पण उद्दिष्ट पुरं करायचं होतं, म्हणून मंजूर झालं. हप्ता अर्थातच दरमहा.

वैशाख-ज्येष्ठात मास्तर दर महिन्याला येऊन हप्ता भरत. टेबलापाशी येईपर्यंत टोपी हातात घेतलेली असे. आषाढ लागला आणि ते दिसेनासे झाले. भाद्रपदात मी नोटीस काढली. नोटीस घेऊन ते स्वतःच आले.

"साहेब, आषाढीला देव झोपला. तुळशीचं लगीन लागंपर्यंत आमाला काम नाई. गणपतीचे दहा दिवस तेवढे."

मी शहाणपणा शिकवला. मे महिन्यात चार पैसे मिळतात तेव्हा खात्यात बाजूला टाका, आणि चातुर्मासात त्यातून भरा. मास्तरांनी ऐकून घेतलं आणि मग मला बँडचा हिशेब समजावून सांगितला. बँडमध्ये अकरा माणसं. बिनकामाच्या चार महिन्यांत त्यांना उचल द्यावी लागते, नाहीतर दिवाळीआधी दुसरा बँडवाला उचल देऊन त्यांना फोडून नेतो. म्हणजे ज्या महिन्यांत मिळकत शून्य, त्याच महिन्यांत खर्च सगळ्यांत जास्त. ती उचल मास्तर सावकाराकडून काढत, महिन्याला शेकडा पाच रुपयांनी. कार्तिकात तुळशीचं लग्न लागलं की वाजवायला सुरुवात. पौषात पुन्हा थंड. मग माघ-फाल्गुन, आणि खरं पीक वैशाखात. मध्येच अधिक मास आला, गुरू-शुक्राचा अस्त आला, की त्या वर्षी पीक बुडालं. २०२४ च्या मे-जूनमध्ये असंच झालं. पंचांगवाले अडीनडीचे काढीव मुहूर्त देतात, पण त्यावर अकरा माणसं पोसली जात नाहीत.

मला त्या दिवशी प्रथम उमगलं की या माणसाची शेती आहे. पेरणी चातुर्मासात, काढणी वैशाखात. शेतकऱ्याच्या पीककर्जाचे हप्ते आम्ही सुगीला लावत होतो, मग बँडवाल्याचे तुळशीच्या लग्नाला का लावू नयेत? मी तसं टिपण करून वर पाठवलं. दीड महिन्यानं एका ओळीचं उत्तर आलं, नियमात तरतूद नाही. मास्तरांनी कर्ज पै न पै फेडलं, १९९१ पर्यंत. आमच्या दप्तरात मात्र त्यांच्या नावापुढे शेवटपर्यंत 'अनियमित' असाच शेरा राहिला. बदली होताना तो शेरा बदलावा असं मनात होतं. राहून गेलं.

आता २०१६ च्या नोव्हेंबरकडे येतो. मुलीचं लग्न डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ठरलेलं, आणि ८ नोव्हेंबरच्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा गेल्या. तेव्हा मी शाखा व्यवस्थापक होतो. सकाळी आठला जाऊन रात्री अकराला येत होतो. घरी लग्न आहे हे मला बायकोच्या चेहऱ्यावरून आठवायचं. आठवड्याला चोवीस हजारांपेक्षा जास्त काढता येत नव्हते. २१ नोव्हेंबरला रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आलं: लग्नघराला अडीच लाखांपर्यंत काढता येतील, पण ८ तारखेला खात्यात असलेल्या शिलकीतूनच, लग्न ३० डिसेंबरच्या आतलं हवं, आई-वडील किंवा वधू-वर यांपैकी एकालाच, सोबत पत्रिका, आगाऊ दिलेल्या पैशांच्या पावत्या, आणि रोख रक्कम कुणाकुणाला द्यायची त्यांची यादी. दुसऱ्या दिवशी त्यात दुरुस्ती आली: ज्याला दहा हजार किंवा जास्त द्यायचे, त्याचं बँकेत खातं नाही, असं त्याच्याकडून लिहून घ्यायचं.

टेबलाच्या अलीकडे बसून असे किती बाप मी त्या आठवड्यात पाहिले! हळदीच्या बोटांचा ठसा असलेली पत्रिका पुढे करणारे. आणि अडीच लाखांचा नियम असला तरी शाखेत तेवढी रोकड यायला हवी ना? मग स्वतःचं प्रकरण घेऊन मी शेजारच्या शाखेत गेलो आणि टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत बसलो.

ती यादी मी आदल्या रात्री केली. दहा हजारांवरची तेवढी लिहायची होती, पण सवयीनं सगळीच लिहीत गेलो. मांडववाला. फुलवाला, त्याच्याकडे मुंडावळ्या आणि हार करणाऱ्या दोघी मायलेकी. सनईवाला आणि त्याचा सूर धरणारा. घोडेवाला. गुरुजी. रोषणाईवाला. कार्यालयातल्या गाद्या घालणारे दोघे. वाढपी चौदा. ताटं घासणाऱ्या पाच. पुऱ्या लाटणाऱ्या नऊ. मेंदीवाली. नाव घालायला गेलो तर माझ्या लक्षात आलं की आडनावासकट मला फक्त गुरुजींचं नाव माहीत आहे. बाकी सगळी माणसं कामाच्या नावानं. एका बापाच्या हौसेसाठी एकेचाळीस माणसं झटणार होती आणि बापाला त्यांतलं एक नाव येत होतं.

दोन खेपांत मिळून मला एक लाख दहा हजार मिळाले, बहुतेक गुलाबी दोन हजारांच्या नोटांत. ती नोट त्या दिवसांत शोभेची होती. सुटे मिळत नव्हते. पुऱ्या लाटणारीला साडेतीनशे रुपये द्यायचे तर दोन हजारांची नोट घेऊन काय करायचं? अण्णांचं खातं होतं. त्यांना मी बारा हजारांचा धनादेश दिला आणि अपराधी आवाजात म्हणालो, "उरलेले बारा..."

"नोटा आल्या की द्या साहेब. तुम्ही बँकवाले, तुमच्याकडे नाहीत तर दुसऱ्या कुणाकडे असणार?"

धनादेश जमा झाला तरी पैसे काढायला रांगच होती. बायकांचं काय केलं, असं मी नंतर विचारलं. त्या म्हणाल्या होत्या, थांबतो. घरोघरी चूल पेटवण्यासाठी अण्णांनी त्यांना ओळखीच्या दुकानातून पीठ-तांदूळ उधार मिळवून दिला. थोडक्यात, माझ्या मुलीचं लग्न त्या महिन्यात त्या नऊ बायकांनी उधारीवर लावून दिलं. बँकेच्या भाषेत हे बिनतारण, बिनव्याजी कर्ज झालं, आणि कर्जदार शाखा व्यवस्थापक.

नोटबंदीमुळे हे तेव्हा उघडं पडलं इतकंच. एरवीही असंच चालतं. लग्नाच्या आधी थोडी उचल, लग्नाच्या दिवशी थोडे, आणि "राहिलेले नंतर बघू". मांडववाल्यानं बांबू भाड्यानं आणलेले असतात, फुलवाल्यानं पहाटे बाजारात रोख मोजलेले असतात. त्यांचे पैसे आधी गेलेले असतात आणि यायचे शेवटी असतात. शिवाय शेवटचे पैसे देताना प्रत्येक बाप काहीतरी खुसपट काढतो. लग्नात कमी पडलेली एखादी गोष्ट त्याला तेव्हा नेमकी आठवते.

मलाही आठवली. त्या दिवशी जिलेबी कमी पडली होती. शेवटच्या पंगतीला व्याह्यांकडचे काही लोक होते, त्यांच्या पानात जिलेबी एकेकच आली. व्याही काही बोलले नाहीत. त्यांच्या न बोलण्याचा माझ्या बायकोला महिनाभर त्रास झाला. जानेवारीत अण्णा राहिलेल्या पैशांसाठी आले. मी सहा गुलाबी नोटा मोजून ठेवल्या होत्या. पाच दिल्या, सहावी पाकिटात परत ठेवली आणि म्हणालो, "जिलेबीनं घोटाळा केला अण्णा." त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, "बरं साहेब," म्हणाले, पाच नोटा घडी करून बंडीच्या आतल्या खिशात घातल्या आणि चहा घेऊन गेले. यात काही गैर केलं असं मला तेव्हा वाटलंही नाही. उलट व्यवहारात चोख राहिल्याचं समाधान होतं.

आता लग्नाची कामं करणाऱ्यांचं चित्र बदललं आहे, निदान शहरात. १९९४ ला 'हम आपके हैं कौन' आला आणि आमच्याकडच्या लग्नांतही संगीत आणि मेंदीचे वेगळे दिवस शिरले. काका-मामांनी वाटून घ्यायची कामं कुणाच्या आटोक्यात राहिली नाहीत, मग ती करणाऱ्यांचा धंदा उभा राहिला. २०२४ च्या फेब्रुवारीत माझ्या पुतणीचं लग्न पुण्याबाहेर एका लॉनवर झालं. सगळी जबाबदारी एका सत्तावीस वर्षांच्या मुलीकडे होती. कराडकडची. कानात यंत्र, कमरेला पिशवी. पिशवीत काय आहे असं मी विचारलं तर तिनं हसत एकेक काढून दाखवलं: सेफ्टी पिना, सुई-दोरा, डोकेदुखीच्या गोळ्या, चार प्रकारचे चार्जर, काडेपेटी, सुपाऱ्या, जास्तीची दोन मंगळसूत्राची वाटी नसलेली काळ्या मण्यांची पोत, एक केळं.

"केळं कशाला?"

"ते माझं जेवण, काका."

त्या दिवशी अंतरपाट कुणी आणलाच नव्हता. दोन्ही घरांना वाटलं, दुसरं घर आणणार. तिनं पाच मिनिटांत कुणाचं तरी नवं उपरणं मिळवलं, गुरुजींना स्वस्तिक काढायला कुंकू दिलं, आणि मंडपातल्या चारशे माणसांत हे तिला, गुरुजींना आणि मला सोडून कुणाला कळलं नाही. दहाला आवाज बंद करायचा नियम. साडेनऊपासून ती ध्वनिक्षेपकवाल्यापाशी उभी. नाच रंगात आलेला, नवऱ्या मुलाचे मित्र तिच्या अंगावर ओरडत होते. लॉनच्या मागे जनरेटरवाला त्याच्या यंत्राशेजारी तरटावर झोपला होता, त्या धुरात आणि आवाजात. काम करणाऱ्यांना पाकिटातला पुलाव होता. आमच्यासाठी सहा प्रकारचे चाट.

रात्री बाराला ती खुर्चीत बसली होती, पायातले बूट काढून. मी विचारलं, पैसे वेळेवर मिळतात ना? म्हणाली, "सत्तर टक्के आधी घेतोच. उरलेले तीस लग्नानंतर. लग्नानंतर पुष्कळ लोक फोन उचलत नाहीत. मला मात्र फुलवाल्याचा फोन उचलावाच लागतो." तिच्या हाती दोन फोन होते आणि दोन्ही वाजत होते.

दुसऱ्या दिवशी मी भावाला तिचे राहिलेले पैसे पाठवायला लावले. भाऊ म्हणाला, "घाई काय आहे? ते पडदे जरा मळके होते, बोलायचंय तिच्याशी." मी त्याच्याकडे पाहिलं. अगदी माझाच आवाज होता.

अण्णांचा फोटो शेवटी सापडला तो चित्रीकरणात. नातवानं पेनड्राइव्ह लावून दिला आणि दोन बैठकांत मी साडेतीन तासांचं ते सगळं पाहिलं. मंगलाष्टकांच्या वेळी कॅमेरा मंडपावरून डावीकडे फिरतो, आणि भटारखान्याच्या दारात अण्णा उभे दिसतात. खांद्यावर पंचा, उजव्या हाताची मूठ मिटलेली. 'सावधान' झाल्यावर ते मूठ उघडतात. इतक्या लांबून टाकलेल्या अक्षता पहिल्या खुर्चीपर्यंतही पोचल्या नसतील. मग वळून आत जातात. सगळं मिळून आठ-दहा सेकंद. फोटोच्या दुकानातल्या मुलानं त्यातलं एक चित्र काढून मोठं करून दिलं. जरा पुसट आहे, कारण कॅमेऱ्याचं लक्ष पलीकडे होतं.

गणपतीनंतर तो घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. माडीवरच्या दोन खोल्या. कोपऱ्यात जिलेबीची तई उभी करून ठेवलेली. मुलगाही याच कामात आहे. दुसऱ्या दिवशी कुठेतरी श्राद्धाचा स्वयंपाक होता, तीस पानांचा, त्याची यादी करत होता. वहिनींनी फोटो दोन्ही हातांत धरून खिडकीपाशी नेला. बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "चेहरा नीट नाही, पण उभं राहणं त्यांचंच आहे."

मुलानं वही दाखवली, जिच्यातून त्यानं माझा नंबर काढला होता. लांब, लाल कापडी बांधणीची, वाण्याकडे असते तशी. दर लग्नाला एक पान. २०२० च्या उन्हाळ्याची पानं उलटली तर त्यांवर नुसती रेघ होती, आणि पुढे पोळी-भाजीच्या डब्यांचे हिशेब. तेव्हा लग्नाला पन्नास माणसांची परवानगी होती, आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये तर पंचवीस माणसं आणि दोन तास. त्या दीड वर्षात अण्णा डबे घेऊन सायकलवर फिरत होते. माझ्या घरावरूनही गेले असतील.

मग मागे जाऊन माझं पान काढलं. वर 'साहेब, बँक' असं लिहिलेलं. माझंही नाव नव्हतं. खाली आकडे: ठरलेली पानं ६००. उठलेली ७३८.

मी तो आकडा पुन्हा वाचला. ताटं घासणाऱ्या बायकांनी थप्प्या मोजून सांगितलेला तो आकडा असणार. एकशे अडतीस माणसं जास्त जेवून गेली होती. माझ्याच बाजूची, कारण व्याह्यांनी त्यांचा आकडा लिहून दिला होता आणि तो पाळला होता. बँकेतल्यांना, ग्राहकांना, भेटेल त्याला "नक्की यायचं हं" असं मीच म्हणत सुटलो होतो. सहाशेंच्या किराण्यात सातशे अडतीस माणसांना भात, भाजी, पुरी पुरवून शेवटच्या पंगतीपर्यंत निदान एकेक जिलेबी त्या माणसानं पोचवली होती, आणि जादा पानांची मजुरी मागितली नव्हती. त्याखाली बायकांचे पैसे, नऊ जणींचे, प्रत्येकीपुढे 'दिले'. सगळ्यांत खाली: बाकी २०००. आणि त्यापुढे एकच शब्द, 'सोडले'.

बँकेत बुडीत कर्ज निर्लेखित करायला ठराव लागतो, तीन सह्या लागतात.

मी पाकीट काढलं. पाचशेच्या चार नोटा वहीवर ठेवल्या. मुलगा गडबडला, आईकडे बघायला लागला. वहिनींनी नोटांना हात लावला नाही.

"त्यांनी ते सोडलेलं आहे भाऊजी," त्या म्हणाल्या. "आता मी घेतले तर बाकी होती असं होईल."

यावर मला काही बोलता येईना. त्यांनी चहा केला, तो घेतला. नोटा उचलून पाकिटात ठेवल्या आणि उठलो. अर्धा जिना उतरलो होतो, तेवढ्यात मुलगा वरून वाकून म्हणाला, "साहेब, एक राहिलंच. फोटो मोठा करायचे किती झाले?"